वाचक विचारतात : रोजच्या गाडीला लोअरिंग स्प्रिंग की कॉइलओव्हर?

प्रश्न : महोदय, स. न. वि. वि. मी दिवाडी बेटावर राहतो आणि वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. रोज सकाळी फेरीबोटीने जुने गोवे गाठायचे आणि तेथून पिलार, आगशी, झुआरी पूल, कुठ्ठाळी असा प्रवास; जाऊन-येऊन पन्नास-एक किलोमीटर होतात. माझी फोक्सवॅगन पोलो २०१८ सालची असून आजवर ७४,००० किलोमीटर चालली आहे. चाक आणि मडगार्ड यांमधली मोकळी जागा पहिल्यापासूनच डोळ्यांना खटकते. गेल्या वर्षभरात मात्र गाडी वळणावर जास्त कलू लागली आहे आणि पुलाच्या सांध्यावरून वेगात गेल्यावर दोन-तीनदा झुलते. एक मित्र म्हणतो, गाडी ३५ मिलिमीटर खाली आणणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग घाल, दोन्ही तक्रारी मिटतील. दुसरा म्हणतो, स्प्रिंगवर पैसे घालवू नकोस, थोडे थांब आणि कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉक ॲब्सॉर्बरचा संच) घे. घरात गाडी एकच आहे, आई-वडीलही तिच्यातूनच फिरतात आणि गणेश चवथीला सगळे सामानासह गावी जातो. कोणाचे ऐकावे?
– एक वाचक, दिवाडी

उत्तर : आपल्या पत्रातील ७४,००० या आकड्यापाशी मी प्रथम थांबलो. गाडीचे मूळ शॉक ॲब्सॉर्बर अजून तेच असतील तर आपण सांगता त्या दोन तक्रारी, वळणावर कलणे आणि सांध्यानंतर झुलत राहणे, या बहुतांशी त्यांच्याच आहेत, आणि त्यांचा गाडीच्या उंचीशी फारसा संबंध नाही. स्प्रिंग खड्ड्याचा धक्का साठवते आणि लगेच परत देते. तो परत येणारा जोर तेलाच्या घर्षणातून उष्णतेत जिरवण्याचे काम शॉक ॲब्सॉर्बरचे. तेल पातळ झाले, आतल्या झडपा आणि सील झिजले की हे जिरवणे कमी होते आणि गाडी एका धक्क्याला एकदाच दबून उठण्याऐवजी दोन-तीनदा हेलकावते. हा बदल इतका हळूहळू होतो की रोज चालवणाऱ्याच्या तो लक्षातच येत नाही. एखादे दिवशी मित्राची नवी गाडी चालवली की मग आपली गाडी एकदम म्हातारी वाटू लागते. म्हणून पहिली विनंती ही की, स्प्रिंगची किंवा कॉइलओव्हरची किंमत विचारण्याआधी गाडी रॅम्पवर उचलून चारही शॉक ॲब्सॉर्बरवर तेल पाझरले आहे का, वरच्या माउंटचे (शॉक ॲब्सॉर्बर गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडतात त्या बैठकीचे) रबर आणि बेअरिंग ढिले झाले आहे का, लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश फाटले आहेत का, हे विश्वासातल्या मेकॅनिककडून पाहून घ्यावे. तेल पाझरलेले नसले म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर ठीक आहे असेही नाही; कोरडा दिसणारा शॉक ॲब्सॉर्बरही आतून झिजलेला असू शकतो.

आता आपल्या पहिल्या मित्राच्या सल्ल्याकडे येतो, कारण गोव्यात सर्वांत जास्त हाच मार्ग पत्करला जातो आणि माझ्या मते रोजच्या गाडीसाठी तोच सर्वांत अपुरा आहे. लोअरिंग स्प्रिंग मूळ स्प्रिंगपेक्षा आखूड असते आणि आखूडपणामुळे गाडी आपटू नये म्हणून ती थोडी कडकही केलेली असते. समजा ती ३० टक्के कडक आहे. जुन्याच शॉक ॲब्सॉर्बरवर ती बसवली तर गाडीच्या वरखाली होण्याची वारंवारता सुमारे १४ टक्क्यांनी वाढते आणि त्याच वेळी शॉक ॲब्सॉर्बरचा तिच्यावरचा ताबा सुमारे १२ टक्क्यांनी घटतो. कडक स्प्रिंग अधिक जोराने परत उसळते आणि तिला आवरणारा हात मात्र तोच असतो. आपले शॉक ॲब्सॉर्बर नवे असते तरी हा फरक जाणवला असता. ७४,००० किलोमीटर झालेल्या शॉक ॲब्सॉर्बरवर तर आपली झुलण्याची तक्रार मिटण्याऐवजी वाढेल.

याहून मोठी अडचण चाकाला वर जायला उरणाऱ्या जागेची आहे आणि तिच्याविषयी दुकानात कोणी बोलत नाही. गाडी उभी असताना चाक वर सरकून रबरी बंप स्टॉपला टेकेपर्यंत समजा ७० मिलिमीटर वाव आहे. गाडी ३५ मिलिमीटर खाली आणली की तो वाव निम्मा झाला. धक्का शोषण्याची स्प्रिंगची क्षमता त्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे अंतर निम्मे झाले की तोच धक्का शोषण्यासाठी स्प्रिंग चौपट कडक लागेल. प्रत्यक्षात ती मिळते ३० टक्के कडक. उरलेला धक्का बंप स्टॉपवर जातो, तेथून चेसिसवर आणि मागच्या आसनावर बसलेल्या आपल्या आईच्या पाठीवर. ‘लोअर केल्यापासून गाडी कडक झाली’ असे लोक म्हणतात तेव्हा त्यांना जाणवत असलेला कडकपणा बऱ्याचदा स्प्रिंगचा नसतो, बंप स्टॉपवर वारंवार टेकण्याचा असतो. शॉक ॲब्सॉर्बरही मग आपल्या नेहमीच्या पट्ट्यात न चालता खालच्या टोकाशी चालतो आणि लवकर संपतो.

एक गोष्ट फार थोड्यांना पटते, पण ती खरी आहे. पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकाच खांबात असलेली रचना) असलेली गाडी, आणि आपली पोलो त्याच रचनेची आहे, प्रमाणाबाहेर खाली आणली की लोअर आर्म चाकाकडे वर चढलेला दिसू लागतो. अशा स्थितीत गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा अधिक वेगाने खाली जातो. दोहोंमधले अंतर वाढले की वळणावर गाडीला कलवणारा जोरही वाढतो. म्हणजे स्प्रिंग पुरेशा कडक नसतील तर गाडी खाली आणूनही कलणे तितके कमी होत नाही. खाली बसलेली गाडी डोळ्यांना स्थिर दिसते हे खरे, पण पिलारच्या वळणावर टायरला काय मिळते हा प्रश्न वेगळा आहे.

दुसऱ्या मित्राचा सल्ला अधिक विचारपूर्वक दिलेला आहे. कॉइलओव्हर या शब्दाचा मूळ अर्थ शॉक ॲब्सॉर्बरभोवती बसवलेली स्प्रिंग एवढाच; त्या अर्थाने आपल्या गाडीची पुढची रचना कारखान्यातूनच कॉइलओव्हर आहे. बाजारात मात्र हा शब्द आटे पाडलेल्या, रिंग फिरवून उंची कमी-जास्त करता येणाऱ्या संचाला वापरतात. त्याचा खरा गुण उंची बदलण्यात नाही. स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकमेकांसाठी जुळवून, एकाच कारखान्याने एकत्र बनवलेले असतात, हा त्याचा गुण. कॉइलओव्हर लावलेल्या चांगल्या गाडीत बसल्यावर जो फरक जाणवतो तो या जुळणीचा असतो.

या संचांतही दोन जाती आहेत आणि विकत घेणाऱ्याने दुकानदाराला हे विचारलेच पाहिजे. एका जातीत स्प्रिंगखालची रिंग फिरवून उंची बदलते; गाडी खाली आणली की चाकाचा वाव तितकाच कमी होतो, म्हणजे स्प्रिंगची जी अडचण तीच येथेही. दुसऱ्या जातीत शॉक ॲब्सॉर्बरची नळी खालच्या वेगळ्या भागात आत-बाहेर फिरते, त्यामुळे उंची बदलूनही आतला वाव शाबूत राहतो. रिंग आवळली की स्प्रिंग कडक होते हा समज मात्र सोडून द्यावा. सगळीकडे एकसारख्या कडकपणाच्या स्प्रिंगमध्ये, गाडीच्या वजनाच्या मर्यादेत, रिंग आवळल्याने गाडी उचलली जाते आणि कडकपणा तोच राहतो. मागच्या चाकांबद्दल आणखी एक खुलासा : आपल्या गाडीला मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारी आडवी तुळई) असून स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर वेगवेगळ्या ठिकाणी आहेत, त्यामुळे ‘चार कॉइलओव्हर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या संचात मागे खरे तर एक वेगळी स्प्रिंग, तिच्याखाली आट्यांची बैठक आणि बाजूला सुटा शॉक ॲब्सॉर्बर एवढेच मिळते. यात फसवणूक नाही, पण पैसे कशाचे देतो ते ठाऊक असावे.

मग आपल्यासाठी कॉइलओव्हर का नको, असे आपण विचाराल. माझे कारण आपल्या पत्त्यात आहे. दिवाडीची फेरीबोट भरती-ओहोटीच्या खाऱ्या पाण्यात चालते. रॅम्पचा पाण्यात भिजलेला खालचा भाग ओलांडताना चाकांनी उडवलेले मचूळ पाणी दिवसातून दोनदा नेमके त्या आट्यांवर जाते, आणि पावसाळ्यात त्यावर तांबड्या मातीचा थर बसतो. पोलादी आट्यांवर ॲल्युमिनियमची रिंग असेल तर दोन धातूंच्या मध्ये खारे पाणी सापडते आणि गंज साध्या लोखंडापेक्षा लवकर धरतो. एका पावसाळ्यानंतर रिंग हलत नाही अशी स्थिती मी अनेक गाड्यांत पाहिली आहे, आणि रिंग अडकली की ज्या सोयीसाठी जास्तीचे पैसे मोजले ती सोयच संपली. केडब्ल्यूसारखे काही उत्पादक नळ्या स्टेनलेस स्टीलच्या करतात आणि समुद्रकाठच्या हवेत त्या खरोखर टिकतात. पण आपण सांगितलेल्या वापरासाठी तो खर्च मला गरजेचा वाटत नाही. स्वस्त संच घेणार असाल तर दर पंधरा दिवसांनी आटे गोड्या पाण्याने धुणे, ब्रशने साफ करणे, कोरडे झाल्यावर मेण किंवा संरक्षक ग्रीस लावणे, आणि वर्षातून दोनदा रिंग फिरवून पाहणे, एवढे करण्याची मनाची तयारी हवी. ज्यांना हे काम मनापासून आवडते त्यांनी कॉइलओव्हर अवश्य घ्यावेत. उंची एकदा ठरवून पुन्हा कधीही न बदलणाऱ्याला त्यातून जे मिळते, ते त्याहून कमी खर्चात मिळू शकते.

तो तिसरा मार्ग आपल्या दोन्ही मित्रांनी सांगितला नाही. स्थिर उंचीचा जुळवलेला संच, म्हणजे थोड्याच आखूड स्प्रिंग आणि त्यांच्यासाठीच बनवलेले, आखूड नळीचे शॉक ॲब्सॉर्बर. बिलस्टीनची मांडणी येथे उदाहरण म्हणून उपयोगी पडेल : त्यांचा बी-४ हा मूळ भागाच्या जागी बसणारा, बी-६ हा मूळ उंचीच्या स्प्रिंगसाठी अधिक ताबा देणारा, बी-८ हा आखूड स्प्रिंगसाठी आखूड केलेला, आणि बी-१२ म्हणजे बी-८ व आयबाखच्या स्प्रिंग एकत्र दिलेला संच. याच कंपनीचे घ्या असे माझे म्हणणे नाही. दुकानात गेल्यावर आपल्याला नेमके काय मागायचे ते कळावे म्हणून ही नावे दिली. आपल्या गाडीसाठी माझा क्रम असा आहे. प्रथम चारही नवे शॉक ॲब्सॉर्बर, सोबत वरचे माउंट, बेअरिंग आणि बंप स्टॉप. एवढ्यावर गाडी महिनाभर चालवावी. झुआरी पुलाच्या सांध्यावर ती एकदाच दबून स्थिर झाली आणि वळणावर चाकांनी रस्ता धरला, तर आपली खरी तक्रार संपली असे समजावे. मडगार्डमधली जागा तरीही सलत असेल तर २० ते २५ मिलिमीटरपेक्षा जास्त खाली न आणणारी स्प्रिंग घालावी. मात्र हे दोन टप्प्यांत करायचे असेल तर पहिल्याच टप्प्यात दुकानदाराला दुसऱ्या टप्प्याविषयी सांगून, दोन्ही उंचींना चालणारा शॉक ॲब्सॉर्बर कोणता ते ठरवावे लागेल, नाहीतर तेच भाग पुन्हा विकत घेण्याची वेळ येईल.

३५ मिलिमीटरला माझा विरोध आहे, पण त्याचे कारण प्रमाणित गतिरोधक हे नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद, मध्यावर १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. आपल्या गाडीच्या दोन्ही आसांमधले अंतर सुमारे २.४७ मीटर आहे. ती अशा गतिरोधकाच्या मधोमध उभी असताना पोटाखाली केवळ साडेचार सेंटिमीटर उंचवटा येतो. त्यावरून खाली आणलेली गाडीही सुखाने जाते. अडचण होते ती गावागावांत घरापुढे डांबराचा ढीग ओतून केलेल्या अरुंद गतिरोधकांची, जेथे सगळा उंचवटा एकदम चाकांच्या मध्ये येतो, आणि त्याहून जास्त फेरीबोटीची. रॅम्पचा उतार संपून बोटीची खाली सोडलेली लोखंडी फळी जिथे सुरू होते तिथे गाडीला एक कोन ओलांडावा लागतो. उतरताना आधी पुढचा बंपर आणि मग चेंबरखालचा (इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या टाकीखालचा) भाग त्या कोनाशी येतो. त्यात चवथीचे दिवस धरा : चार माणसे, मागे माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या चौकटीचे) सामान, नारळ आणि बाजार. मागच्या आसावर दीडशे किलो जास्त आले आणि मागची प्रत्येक स्प्रिंग मिलिमीटरला दोन किलो या ताकदीची असली तर गाडीची मागची बाजू आणखी साडेतीन सेंटिमीटरहून अधिक खाली बसते.

हे कागदावरचे गणित पटत नसेल तर एक सोपा प्रयोग करावा. थर्माकोलचा ३५ मिलिमीटर जाडीचा तुकडा पुढच्या बंपरच्या ओठाखाली आणि दुसरा चेंबरच्या संरक्षक पत्र्याखाली मजबूत चिकटपट्टीने लावावा. सायलेन्सरच्या जवळ लावू नये. आठवडाभर नेहमीप्रमाणे, आणि एकदा सगळ्या कुटुंबाला घेऊन, फेरीबोटीतून ये-जा करावी. तुकडे शाबूत राहिले तर निर्णय आपला. फाटून गेले तर एक रुपयाही खर्च न करता उत्तर मिळाले. तोच प्रयोग २० मिलिमीटरच्या तुकड्याने पुन्हा करता येतो.

काम करून घेताना काही गोष्टींवर स्वतः उभे राहून लक्ष ठेवावे. उंची जमिनीपासून न मोजता चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजावी, म्हणजे टायरच्या हवेचा फरक मध्ये येत नाही. काम सुरू होण्यापूर्वी चारही आकडे लिहून ठेवावेत. रबरी बुश असलेले बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना पक्के आवळू नयेत. गाडी चाकांवर उभी राहून आपल्या नव्या उंचीला आल्यावरच शेवटचा पाना फिरवावा, नाहीतर बुश कायमचे पिळलेले राहतात आणि वर्षभरात फाटतात. ही चूक अतिशय सर्रास होते. व्हील अलाइनमेंट लगेच एकदा आणि स्प्रिंग दबून स्थिरावल्यावर, तीनशे ते पाचशे किलोमीटरनंतर, पुन्हा एकदा करून घ्यावी. हेडलाइटचा झोतही तपासून घ्यावा. पुढची आणि मागची बाजू सारखी खाली गेली नसेल तर समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या डोळ्यांवर त्याचा त्रास होतो.

कायद्याविषयी आपण विचारलेले नाही, तरी सांगणे माझे कर्तव्य आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने मुळात दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात असलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. झिजलेल्या शॉक ॲब्सॉर्बरच्या जागी त्याच मापाचे नवे बसवणे ही दुरुस्ती झाली. उंची बदलणे हा बदल ठरू शकतो. म्हणून स्प्रिंग विकत घेण्याआधी वाहतूक खात्याच्या कार्यालयात विचारावे आणि विमा कंपनीला लेखी कळवून तिचे उत्तर जपून ठेवावे. अपघातानंतर दाव्याच्या वेळी हा विषय प्रथमच निघणे कोणालाही परवडणारे नाही.

प्रश्न : माझी जुनी सेदान आहे. ओळखीच्या गॅरेजवाल्याने स्प्रिंगची दीड वेटोळी कापून गाडी खाली आणून देतो असे सांगितले; खर्च केवळ मजुरीचा. काही जण कापण्याऐवजी गॅसने तापवून स्प्रिंग दबवतात असेही ऐकले. यात धोका आहे का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : आहे, आणि तो आपल्यापुरता मर्यादित नाही.

तापवण्याचा प्रकार अगदी वर्ज्य समजावा. स्प्रिंगच्या पोलादाला विशिष्ट तापमानाला तापवून, थंड करून आणि पुन्हा बेताने तापवून लवचीकपणा दिलेला असतो. गॅसच्या ज्योतीने एक-दोन वेटोळी लालबुंद केली की तेवढ्या भागातला तो गुण जातो. गाडी खाली बसते ती त्या भागाने मान टाकल्यामुळे, आणि पुढेही ती बसतच राहते, दोन्ही बाजूंना सारखीही नाही. तापलेल्या आणि न तापलेल्या भागांच्या सीमेवर पुढे तडा जाण्याचा संभव असतो.

कापण्यात पोलादाचा गुण तितका बिघडत नाही, विशेषतः कापताना उष्णता दिली नसेल तर. पण इतर अडचणी उभ्या राहतात. कार्यरत वेटोळी जितकी कमी तितकी स्प्रिंग कडक. सहा वेटोळ्यांतले एक कापले तर ती २० टक्के कडक होते. दीड कापले तर सुमारे ३३ टक्के. शॉक ॲब्सॉर्बर तोच राहतो, म्हणून दिवाडीच्या वाचकांना लिहिलेले सगळे येथेही लागू पडते. शिवाय स्प्रिंगचे टोक बैठकीत बसण्यासाठी विशिष्ट आकाराचे केलेले असते, ते कापले की उरलेले टोक बैठकीच्या एका बिंदूवर टेकते आणि तिथला पत्रा किंवा रबर खाते. सर्वांत गंभीर गोष्ट ही की, चाक पूर्ण खाली लटकले तरी स्प्रिंग दोन्ही बैठकांमध्ये थोडी तरी दाबलेली राहिली पाहिजे. कापलेली स्प्रिंग अशा वेळी सैल होते. खड्ड्यात चाक झपकन खाली गेले, स्प्रिंग बैठकीतून सरकली आणि वाकडी बसली, तर पुढच्या क्षणी गाडी कोणत्या बाजूला ओढली जाईल ते सांगता येत नाही. चोर्ल्याच्या किंवा अनमोडच्या घाटात हे घडावे असे आपल्याला वाटणार नाही. गॅरेजवाल्याला हे पटवायचे असेल तर स्प्रिंग कापलेली एखादी गाडी जॅकवर उचलून चाक लटकत ठेवा आणि स्प्रिंग हाताने फिरवून दाखवायला सांगा. कापलेली स्प्रिंग फिरली तर ती सैल आहे.

आपली गाडी जुनी आहे आणि पैसे बेताचे आहेत, हे मी समजू शकतो. तेवढ्याच पैशांत मजुरी देऊन बुश आणि लिंक रॉड बदलून घ्या; गाडी तितकीच उंच राहील, पण आवाज थांबतील आणि ती सरळ चालेल.

प्रश्न : गेल्या महिन्यात मी जुनी हॅचबॅक विकत घेतली. आधीच्या मालकाने तिला कॉइलओव्हर बसवले आहेत. गाडी दिसायला छान आहे. परंतु उभी असताना मागची डावी बाजू खाली दिसते, स्टिअरिंग वळवताना पुढून ‘टण’ असा आवाज येतो आणि पुढचे टायर आतल्या बाजूने गुळगुळीत झाले आहेत. मूळ सस्पेन्शन पुन्हा बसवावे काय?
– एक वाचक, वास्को

उत्तर : आधी दोन दिवस तपासणीला द्या, मग निर्णय घ्या. गाडी सपाट जागी उभी करून, चालकाच्या आसनावर आपल्या वजनाइतके सामान ठेवून, चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत अंतर मोजा. मागच्या दोन बाजूंत पाच मिलिमीटरपर्यंत फरक असेल तर त्याची चिंता नको; त्याहून जास्त असेल तर मागच्या स्प्रिंगखालच्या आट्यांच्या बैठका एकाच उंचीवर आहेत का ते पाहा. बैठका सारख्या असून गाडी तरीही कलती असेल तर एक स्प्रिंग दमली आहे किंवा चुकीच्या बाजूची आहे. रिंग अडकल्या असतील तर छिन्नी-हातोडा लावू देऊ नका, आटे कायमचे खराब होतात. गंज सैल करणारे तेल रात्रभर मुरू द्यावे, तारेच्या ब्रशने वरचे आटे स्वच्छ करावेत आणि मगच संचाचा स्वतःचा पाना वापरावा. समुद्राजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीत एका दिवसात हे काम होईलच असे नाही.

‘टण’ आवाजाचे कारण बहुधा वरचे माउंट आहे. स्टिअरिंग वळवताना स्प्रिंग माउंटमधल्या बेअरिंगवर सहज फिरली पाहिजे. बेअरिंग अडकले असेल तर ती थोडी पिळली जाते आणि मग एकदम सुटते, तोच तो आवाज. काही संचांत रबराऐवजी धातूच्या गोळ्याचे माउंट असते. शर्यतीच्या गाडीला ते शोभते, धुळीच्या आणि पावसाच्या रस्त्यावर ते लवकर झिजून खडखडते. माउंट बदलून आवाज गेला तर ठीक.

टायर आतून झिजण्याचा दोष लोक चाकाच्या तिरकेपणाला, म्हणजे कॅम्बरला, देतात, पण तिरकेपणापेक्षा टायर अधिक वेगाने खातो तो टो, म्हणजे वरून पाहताना दोन्ही चाके एकमेकांकडे किंवा एकमेकांपासून दूर वळलेली असणे. गाडी खाली आणल्यावर टो बदलतोच आणि आधीच्या मालकाने अलाइनमेंट केलेली नसावी असे वाटते. अलाइनमेंटची छापील पट्टी मागून घ्या आणि पुढच्या दोन्ही चाकांचे टो व कॅम्बरचे आकडे उत्पादकाच्या मर्यादेत आले का ते स्वतः वाचा. टो जुळला आणि कॅम्बर तरीही मर्यादेबाहेर राहिला तर गाडी प्रमाणाबाहेर खाली आहे. ती दहा-पंधरा मिलिमीटर वर घ्यावी लागेल, आणि वर घेतल्यावर अलाइनमेंट पुन्हा करावी लागेल. लोअर आर्म चाकाकडे चढलेला न राहता जवळजवळ आडवा किंवा किंचित उतरता दिसेपर्यंत वर घ्या.

मूळ सस्पेन्शन केव्हा बसवावे ते सांगतो. एका जरी शॉक ॲब्सॉर्बरवर तेल पाझरले असेल आणि त्या संचाचे सुटे भाग मिळत नसतील. किंवा रिंग अडकल्यामुळे गाडी वर घेताच येत नसेल. किंवा संचावर उत्पादकाचे नाव, भाग क्रमांक काहीच सापडत नसेल, तर त्यावर आणखी पैसे घालू नका. विक्रेत्याकडे मूळ स्प्रिंग आणि स्ट्रट पडून आहेत का ते आजच विचारा. लोक ते घराच्या मागे ठेवून विसरतात, आणि पावसाळ्यानंतर ते भंगारात जातात.